प्रभाकर फोटोवाल्याचं भिंग

मी प्रभाकर फोटोवाल्याच्या टेबलावरचं भिंग बोलतोय. निगेटिव्हवर मला ठेवायचं आणि वरून डोळा लावायचा, एवढंच माझं काम. पण ठाण्यातली निम्मी लग्नं माझ्या नजरेखालून गेलीत, ही काही बढाई नव्हे.

बावन्न साली मुंबईच्या एका दुकानात प्रभाकरने मला निवडलं. दुकानदार दुसऱ्याच भिंगाची तारीफ करत होता, कारण ते जास्त मोठं दाखवायचं. प्रभाकरने खिशातून आलेखाचा कागद काढला आणि आम्हाला पाळीपाळीने त्यावर ठेवलं. त्या मोठ्या भिंगमहाशयांच्या कडेला रेघा वाकल्या, वर निळी-तांबडी किनारही आली. माझ्यातून मात्र रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मोठं नको, आहे तसं दाखवणारं हवं, असं म्हणून त्याने मला घेतलं. मी तर हुरळूनच गेलो.

आणि हाच गृहस्थ माझ्यातून बघत निगेटिव्हवरच्या चेहऱ्यांचे डाग पेन्सिलीने भरायचा! स्थळाकडे पाठवायचे फोटो असे गुळगुळीत करायची रीतच होती. मला ती मुळीच आवडायची नाही.

वासंती शाळेत शिकवायची. लहानपणी देवी आल्या, त्याचे व्रण गालांवर राहिलेले. तिचा आमच्या दुकानात गुळगुळीत केलेला फोटो दोन ठिकाणी गेला. दोन्हीकडची मंडळी आली, तिला पाहून चपापली, पोहे खाऊन निघून गेली. तिसरं स्थळ कल्याणचं होतं. तिच्या आईने नवा फोटो काढवला आणि या वेळी आणखी सफाईने करा, असं बजावलं.

चार दिवसांनी वासंती एकटीच आली. निगेटिव्ह बघू द्या, म्हणाली. तिने मला डोळा लावला. निगेटिव्हमध्ये काळ्या दिसणाऱ्या चेहऱ्यावर पेन्सिलीचे बारीक फराटे तिला दिसले. तिची पापणी थरथरत होती, मला कळत होतं.

"काका, मला बघून कुणी तिसऱ्यांदा चपापलं, तर सोसणार नाही. हे पुसून टाका."

टर्पेंटाइनचा बोळा घेऊन प्रभाकरने सगळी पेन्सिल पुसली. फोटो तसाच गेला. तिच्या आईला कळलं तेव्हा तिने त्याला नाही नाही ते सुनावलं, त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं.

पंधरा दिवसांनी एक उंच तरुण तोच फोटो घेऊन दुकानात आला. मी कल्याणचा विश्राम, म्हणाला. गालावरचे हे डाग कागदाचे की चेहऱ्याचे, त्याने विचारलं. प्रभाकरने निगेटिव्ह काढली, मला तिच्यावर ठेवलं आणि बाजूला झाला. विश्रामने सावकाश, नीट पाहिलं.

"चेहऱ्याचेच आहेत," तो म्हणाला. "रविवारी आम्ही बघायला येतोय. त्याआधी आणखी एक प्रत मिळेल का? ही प्रत माझी आई परत मागतेय, आणि मला माझी वेगळी हवी."

त्यांच्या लग्नाला आता पाच वर्षं झाली. माझ्या कडेचा टवका उडालाय, पण नजर शाबूत आहे. प्रभाकर अजूनही पेन्सिल चालवतो. मात्र आधी ज्याचा चेहरा, त्यालाच विचारतो. कुणाचा चेहरा गुळगुळीत करायला बसलात, तर तुम्हीही तेवढं कराल ना? आधी त्या माणसाला माझ्यासारख्या भिंगातून स्वतःकडे नीट बघू द्या.