भोकांची भिंत

ही गोष्ट ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवलाच तर त्याने आधी स्वतःची नाडी तपासून घ्यावी.

समुद्राकाठच्या उतारावर एक घर होतं आणि त्या घराचं अंगण चालायचं. होय, चालायचं. माणसाला पाय असून तो बसून राहतो. या अंगणाला पाय नसून ते दर पावसाळ्यात वीतभर खाली उतरायचं. कपडे धुवायचा दगड एकेकाळी मागच्या दाराला लागून होता. तो घसरत घसरत इतका खाली गेला, की साबण वर विसरला तर ताई तो आणायला परत यायची नाही, शिव्यांनीच कपडे स्वच्छ करायची. पपईचं झाड तर एका वर्षी उभ्याच्या उभं खालच्या शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन राहिलं. शेजारी सज्जन माणूस. पपया त्याने खाल्ल्या, पण बिया इमानदारीने परत पाठवल्या.

ही ताई म्हणजे गवंड्याची थोरली बहीण. गवंड्याला सगळे ओळंबा म्हणायचे, कारण भिंत सरळ आहे का ते पाहायची दोरीला टांगलेली जड गोळी, म्हणजे ओळंबा, कायम त्याच्या खिशात असे आणि कुठेही गेला की चहाच्या आधी तो यजमानाच्या भिंतीला लागत असे. स्वतःच्या लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हाही त्याने आधी होणाऱ्या सासऱ्याची भिंत तपासली आणि म्हणाला, "ही पडणार." लग्न लगेच जुळलं. सासऱ्याला घरचा गवंडी हवाच होता.

ताईचा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा शहरात, तिसऱ्या मजल्यावर. अंगण सरकतंय म्हणून मागे त्यानेच ठेकेदार गाठून एक भिंत बांधून घेतली होती. सिमेंटची, सरळसोट, पोटात लोखंडी सळ्या, आणि वाळू कुठली, तर समोरच्या किनाऱ्यावरची. हवा खारी, वाळू खारी. तिथे खिळा ठोकायला घेतला तर हातोडा पडायच्या आत तो गंजतो, मग सळ्यांची काय कथा! त्या आतल्या आत फुगल्या, भिंतीला भेगा पडल्या आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ती आडवी झाली.

तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, ही एक झाली. आता मामा बांधणार ती दुसरी. ती जर या पावसाळ्यात हलली, तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. तू इथे एकटी, मला रात्रभर डोळा लागत नाही."

पोरगा वाईट नव्हता. खरोखरच त्याची झोप उडाली होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. पण त्याच्या गॅलरीत एक कुंडी मावायची, तीही कोणी उभं नसेल तेव्हा. आणि ताईचा जीव त्या अंगणात. उरलेल्या अंगणात म्हणा हवं तर.

ओळंबा कामाला लागला. आधी कातळ लागेपर्यंत पाया खणला. लोखंडाची काडी आत घातली नाही, सिमेंटचं बोट लावलं नाही. बुडाशी भिंत चांगली रुंद, वर जाता जाता निमुळती. लांब दगड निवडून त्यांची शेपटं आत उताराच्या पोटात खुपसली, फटींत दगडाच्या बारीक चिपा ठोकून बसवल्या. भिंतीच्या मागे मातीऐवजी नुसती खडी भरली आणि तळाच्या थरात जागोजाग भोकं ठेवली.

ताई रोज कमरेवर हात ठेवून तपासणीला यायची.

"काय रे, तुला ओळंबा म्हणतात ना? मग ही भिंत मागे का रेललीय?"

"रेलू दे. उतार तिला ढकलतोय. ढकलणाऱ्याच्या अंगावर जो रेलतो तो पडत नाही ताई, ताठ उभा राहतो तोच तोंडावर आपटतो."

"तुझे दाजी असेच रेलायचे. नंतर घोरायचे. आणि ही भोकं?"

"पाण्याची वाट. भिंतीला माती पाडत नाही, मातीत कोंडलेलं पाणी पाडतं."

"नव्याकोऱ्या भिंतीला भोकं! लोक म्हणतील, भावाने बहिणीला दगडसुद्धा मोजून दिले."

भिंत झाली. चुकलं ते एवढंच, की पहिले काही दिवस भोकांतून गढूळ पाणी येईल, खडीतली बारीक माती धुऊन निघाली की आपोआप निवळेल, हे सांगायचं ओळंब्याच्या ध्यानातून गेलं. बाकी सगळं जग त्याने तिला सांगितलं होतं.

पाऊस सुरू झाला आणि भोकांतून तांबडं पाणी गळायला लागलं. ताईने ते पाहिलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं. अंगण गळतंय! आजवर वीतवीत जात होतं, आता पातळ होऊन चाललं! ती घरात धावली. ट्रंकेत नवऱ्याचे जुने सदरे होते. इतकी वर्षं ना ती कोणाला देत होती, ना फेकत होती. घडी मोडताना ती सदऱ्यांनाच म्हणाली, "चला, उठा. तुमचं घर आहे, तुम्हीच धरून ठेवा." आणि एकेक सदरा एकेका भोकात तिने लाटण्याने ठोकून बसवला.

मग जी झड लागली, ती साधीसुधी नव्हती. छत्र्या उघडल्या की त्यांत मासे पडत होते. पाणी वरून येत होतं, पण भिंतीमागून त्याला बाहेर पडायला जागा नव्हती. एका सकाळी ओळंब्याला राहवलं नाही. तो डोक्यावर घमेलं पालथं घालून धावत आला, तर भिंतीला पोट आलेलं, दगड कुरकुरताहेत आणि भिंतीच्या पायथ्याशी ताई चिखलात पालथी पडून हातातल्या सांडशीने काहीतरी ओढतेय.

"ताई! काय करतेस?"

"दिसत नाही? पोहतेय! ये इकडे मेल्या, हात लाव."

तिचे कोपर सोलवटले होते. भोकातून सदऱ्याची बाही बाहेर लोंबत होती. ओळंब्याला सगळा प्रकार कळला. तो तिच्यावर ओरडणार होता, पण तिच्या तोंडाकडे पाहून त्याने ओरडणं गिळलं. बाह्या सरसावून तो चिखलात उतरला आणि दोघांनी मिळून उरलेली भोकंही मोकळी केली. एकेका सदऱ्यासरशी अशी धार सुटे, की त्यातली एक खालच्या शेजाऱ्याच्या एका खिडकीतून आत गेली, त्याचा चहा पातळ करून दुसऱ्या खिडकीतून बाहेर पडली. हळूहळू धारा मंदावल्या. दगड एकमेकांच्या अंगावर नीट बसले आणि भिंत थांबली. पोट तेवढं राहिलं.

ताई चिखलातच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "पोराला सांगू नकोस. भोकं मी बुजवली असं कळलं, तर म्हणेल, आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिला एकटी ठेवून चालणार नाही. मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

"माझ्या तोंडून अवाक्षर निघणार नाही," ओळंबा म्हणाला. आता जगातल्या कुठल्याही गुपिताला ओळंब्याच्या तोंडाइतकी गैरसोयीची जागा नव्हती, पण त्या दिवशी तो मनापासून बोलला.

पाऊस ओसरला तसा मुलगा आला. हातात मोठी बॅग, आणि ती रिकामी. रिकामी बॅग माणूस कशासाठी आणतो, हे ताईला कळलं. ती चुलीकडे वळली. मुलाने बॅग ओट्यावर टेकवली, थेट भिंतीपाशी गेला आणि फुगवट्यावर तळहात ठेवला.

"मामा, हे काय? हलली ना भिंत?"

"हलली नाही. जेवलीय."

"थट्टा नको. पोट कशाने आलं?"

ओळंब्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नेमका तेव्हाच एक खेकडा दगडावरून तिरका चालला होता. बुडत्याला काडी, तसा ओळंब्याला खेकडा.

"खेकडे!" तो म्हणाला. "भोकं बुजवली ती खेकड्यांनी. पाऊस म्हटल्यावर बिऱ्हाडं हलवली त्यांनी, बायकापोरांसकट. एकेका भोकात तीन-तीन पिढ्या!"

"खेकड्यांनी भिंत तुंबवली?"

"तुंबवली, आणि मोकळीही त्यांनीच केली! मी वरून ओरडलो, अरे, माझ्या बहिणीचं घर आहे! तसा त्यांच्यातला एक म्हातारा पुढे झाला. नांगी ही एवढी, माझ्या मांडीएवढी. त्याने नांगी वर केली मात्र, सगळे रांगेत बाहेर. जाताना एकाने निखळलेली चीप परत जागेवर ठोकून दिली. माझ्या हाताखाली असा एक कामगार नाही!"

मुलाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. ते पाहून ओळंब्याला चेव चढला. आता बाजी जिंकलीच, असं त्याला वाटलं.

"आणि आई कुठे होती तेव्हा?" मुलाने विचारलं.

"आई?" ओळंब्याने आवाज मऊ केला. "ती बिचारी काय करणार! आत बसली होती, कोपऱ्यात, थरथरत."

आत चुलीपाशी भांडं आदळलं. ताई दारात आली. पिठाचे हात, केस विस्कटलेले, कोपरावरच्या खपल्या लालभडक.

"खोटं! साफ खोटं!" ती कडाडली. "बिचारी कोण रे? भोकं मी बुजवली. अक्कल नव्हती म्हणून बुजवली. आणि भिंत फुगताना पाहिली तेव्हा कोणाला हाक न मारता चिखलात पालथी पडून मीच उघडली, एकूण एक! हा आला तेव्हा दोन उरली होती. आणि त्यातलं एक याला निघालं नाही!"

मुलाने तिच्या कोपरांवरच्या खपल्यांकडे पाहिलं, मग ओट्यावरची बॅग उचलून म्हणाला, "ही रिकामीच परत नेतो, आई."