आठवडाभर पिट्सबर्गला गेलेली काउंटी

ही गोष्ट मी आजवर निदान चाळीस जणांना सांगितली. एकानेही विश्वास ठेवला नाही. तुम्हीही ठेवणार नाही, आणि ठेवलात तर मलाच तुमची काळजी वाटेल.

गेल्या शुक्रवारी अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये मासे तळत होते. ईस्टरआधीचा लेंटचा उपास चालू असला की शुक्रवारी मांस वर्ज्य, मग आमची अर्धी काउंटी, म्हणजे अर्धा जिल्हा, तिथेच जेवते. माझ्या टेबलावर धाकटी बहीण व्हर्ना, निवृत्त पोस्टमन चेस्टर नोव्होत्नी आणि बोस्टनहून नुकतेच आमच्या चर्चमध्ये आलेले फादर ब्रॅनिगन. फादरनी विचारू नये ते विचारलं.

"तुम्ही मंडळी क्लीव्हलँडची की पिट्सबर्गची?"

चेस्टरने काटा खाली ठेवला. "फादर, तुमचा मासा आता गार होणार."

"आम्ही हार्कर काउंटीचे," मी म्हणालो. "पण हार्कर पडलं दोघांच्या मध्ये, दोन कुत्र्यांमध्ये हाड पडावं तसं."

"पण मोठं कोण?"

"ते कुणाला विचारता त्यावर आहे. क्लीव्हलँडच्या एका बाजूला सरोवर. शहर म्हणजे अर्धा पिझ्झा. वाढायचं झालं की आमच्याच अंगावर वाढतं. पिट्सबर्गला डोंगर आणि नद्या. शेजारणीकडे साखर मागायला निघालात तरी दोन पूल लागतात. क्लीव्हलँडवाला फुटबॉल हरला की पिरोगी, त्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, खातो, म्हणजे बारा महिने खातो. पिट्सबर्गवाला जिंकला तरी तळलेला बटाटा सँडविचच्या आतच कोंबतो. पोलादाचे कारखाने दोघांचेही गेले. आता दोघंही इस्पितळांवर जगतात, म्हणजे एकमेकांच्या म्हाताऱ्यांवर."

"मी पिट्सबर्गच्या इस्पितळात पाय ठेवणार नाही," चेस्टर म्हणाला. "तिथे मेलो तर बातमी त्यांच्या पेपरात येईल."

फादर हसले. मी हसलो नाही, कारण मला रॉइस लॅटिमर आठवला होता.

आमच्या वडिलांची खानावळ होती, जुन्या हमरस्त्यावर. बारा टेबलं, आणि सकाळी सहाला ट्रकवाल्यांची रांग. एकाहत्तर साली नवा हायवे आला. त्यावरून उतरायची वाट आमच्या दारापाशी ठरली होती. ती साडेतीन मैल पुढे सरकली, जिथे नंतर मॉल झाला. सरकवली लॅटिमरने. तेव्हा तो क्लीव्हलँडच्या सरोवरकाठ विकास मंडळात नकाशे आखायचा. वडील इस्त्रीचा शर्ट घालून त्याला भेटायला गेले. दिवसभर बाहेरच्या बाकावर बसले. संध्याकाळी तो कोट चढवत बाहेर आला आणि चालता चालताच म्हणाला, "वीस लाखांच्या महानगरात एक खानावळ मोजायची नसते, मिस्टर हुडाक."

खानावळ दोन वर्षांत बंद पडली. वडील साठाव्या वर्षी त्याच मॉलमध्ये फरशी पुसायला लागले. तिथेच गेले, हातात बादली होती.

मला लॅटिमरकडून पैसा नको होता. माझ्या वडिलांना मोजायला हवं होतं, एवढं त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायला हवं होतं. त्यासाठी मी एकोणतीस वर्षं दबा धरून बसलो.

दोन हजार साली शिरगणती आली. लॅटिमर तोवर मंडळाचा अध्यक्ष झाला होता. आमच्या हायस्कूलच्या जिममध्ये येऊन त्याने भाषण ठोकलं, की या खेपेला हार्कर धरून आपलं महानगर पिट्सबर्गला मागे टाकणार. मोठ्या कंपन्या आधी महानगरांची यादी बघतात, म्हणाला; वरच्या शहरात कचेरी उघडतात, खालच्या शहराला कॅलेंडर पाठवतात. त्याने फलकसुद्धा छापून ठेवले होते.

"नियम असा आहे, फादर," मी म्हणालो. "फॉर्मवर प्रश्न असतो, गेल्या आठवड्यात तुम्ही कुठे काम केलंत. काउंटीतले एक चतुर्थांश कामकरी ज्या शहरात कामाला जात असतील, ती काउंटी त्या महानगराची. आमचे कामकरी सोळा हजार. म्हणजे हार्कर लॅटिमरच्या हातून काढून पिट्सबर्गला द्यायला मला चार हजार माणसं हवी होती."

"मग फॉर्मवर पिट्सबर्ग लिहायचं. झालं."

"फादर, तुम्ही पाद्रीच ना?" व्हर्नाने विचारलं.

हार्करचा माणूस बायकोशी खोटं बोलेल, किती मासे धरले याबद्दल तर बोलेलच. पण सरकारी फॉर्मवर खोटं लिहायला त्याचा हात धजत नाही. याच हॉलमध्ये आम्ही चार तास डोकं फोडलं. एक्झिट सरकल्यामुळे बुडालेला मी एकटा नव्हतो. पंपवाले होते, मोटेलवाले होते, त्यांची पोरं होती. शेवटी दंतवैद्य ग्रीनवॉल्ट उठून म्हणाले, "खोटं लिहायचं नसेल तर खरंच जाऊ."

"चार हजार माणसांना तिथे काम कोण देणार?" फादरनी विचारलं.

"काम आमचं आम्ही नेलं. फक्त जागा हवी होती. आणि पिट्सबर्गची एक रीत आम्हाला ठाऊक होती."

तिथे बर्फ पडला की माणूस आपल्या घरापुढची गाडीची जागा फावड्याने मोकळी करतो आणि तिच्यात स्वयंपाकघरातली एक खुर्ची ठेवून कामाला जातो. ती खुर्ची कुणी हलवत नाही. पिट्सबर्गात पापाला क्षमा आहे, खुर्ची हलवणाऱ्याला नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बर्फ पडला. सोमवारी पहाटे हार्करमधून चार हजार माणसं निघाली, प्रत्येकाकडे एक फावडं आणि एक खुर्ची. सातच्या आत आम्ही पिट्सबर्गचे सव्वीस रस्ते साफ करून खुर्च्या मांडल्या आणि धंद्याला बसलो. न्हावी केस कापत होते. ग्रीनवॉल्टनी दात कोरायचं, पायाने चालवायचं जुनं यंत्र आणलं होतं. बुधवारपर्यंत त्यांनी पिट्सबर्गच्या अकरा दाढा काढल्या. हार्करचं टपाल चेस्टरने तिथे नेऊन खुर्चीखुर्चीवर वाटलं.

"एकाच चढावर तीनशे पत्ते," चेस्टर म्हणाला. "माझे गुडघे तिथेच राहिले."

ऑलिव्हर स्टुट्झमनने गाय नेली. काम गाय करते, म्हणून खुर्ची तिच्या नावाने ठेवली. आमचा अंत्यविधीवाला तेवढा आठवडाभर रिकामा बसला. येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आशेने बघायचा. एक पोलीस आला. त्याने गाय पाहिली, मग खुर्ची पाहिली, टोपीला हात लावला आणि पुढे गेला. शुक्रवारी संध्याकाळी खुर्च्या उचलून आम्ही घरी आलो, आणि सगळ्यांनी फॉर्मवर खरं तेच लिहिलं.

"आणि यादी?" फादरचा मासा खरोखरच गार झाला होता.

"यादी तीन वर्षांनी लागली. हार्कर पिट्सबर्गच्या नावावर मोजलेलं. क्लीव्हलँड मागे राहिलं, आणि जेवढ्याने राहिलं तेवढीच आमची वस्ती. लॅटिमरचे फलक गोदामात कुजले. मंडळाने त्याला घड्याळ देऊन घरी बसवला. यादीचं ते पान मी कापलं, हार्करच्या नावाखाली लाल रेघ मारली, खाली लिहिलं, 'एक खानावळ मोजायची राहिली होती,' आणि माझा पत्ता घालून त्याला पाठवलं."

"रजिस्टर्ड," चेस्टर म्हणाला. "मीच शिक्का मारला."

"आणि तो आला, फादर. जूनमध्ये. गाडी फाटकाबाहेर लावली, हॅट हातात धरली. मी दार उघडलं नाही. पायरी दाखवली खिडकीतून, बस म्हटलं. दोन दिवस बसवला त्याला तिथे. उन्हात बसला, रात्री दवात बसला. आत आम्ही जेवायचो, त्याला वास जायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोट चढवत बाहेर आलो. तो उठून उभा राहिला. म्हणाला, 'एमिल, तुझ्या वडिलांना मोजायला हवं होतं.' मी म्हटलं, मोठ्याने म्हण. त्याने मोठ्याने म्हटलं. शेजारच्या तीन घरांनी ऐकलं."

चेस्टर कोबीच्या कोशिंबिरीत काहीतरी शोधत होता. फादरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

व्हर्नाने रुमालाला बोटं पुसली.

"खुर्च्यांचं खरं आहे, फादर. आमच्या स्वयंपाकघरातली निळी मी स्वतः डोक्यावर घेऊन तो चढ चढले. गाईचंही खरं आहे." मग ती माझ्याकडे वळली. "पण लॅटिमर आला नाही, एमिल. त्याचं साधं पत्रही आलं नाही. त्या पायरीवर दोन दिवस तू बसला होतास."