मोडीत निघालेला गावचा टोप

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे, आणि अजून टोपच आहे, हेच नवल!

ओतूरजवळच्या आमच्या वाडीतल्या धनगरांनी, शेतकऱ्यांनी आणि बाजारातल्या मारवाडी दुकानदारांनी वर्गणी काढून मला घडवलं. जत्रेआधी मला कल्हई व्हायची. मग काय माझा तोरा! माझ्यात शिजलेल्या भातावर अख्ख्या गावाची एकच पंगत उठायची.

पण ग्रामपंचायतीची निवडणूक आली आणि माशी शिंकली. तानूबाईचे दोन मुलगे, राघू आणि गोरक्ष, समोरासमोरच्या पॅनेलमध्ये उभे राहिले. राघू जिंकला. त्याच्या माणसांनी गोरक्षच्या दारात मुद्दाम गुलाल उधळला. झालं, भावांचं बोलणं तुटलं आणि गावही दुभंगलं. जत्रेला दोन पंगती ठरल्या. मग मी कुणाचा? मला मोडीत घालून दोन लहान टोप घ्यायचे, असं ठरलं. वर्षभरात त्यांचं एकमत झालं ते एवढ्यावरच, बघा!

दोघा भावांनी मला पिकअपमधून बाजारात, भांडी विकणाऱ्या आणि मोड घेणाऱ्या लालचंदशेठच्या दुकानात नेलं. भीतीनं माझा जीव अर्धा झाला होता. शेठनी माझ्या काठावरची अक्षरं वाचली.

"इथं 'समस्त ग्रामस्थ' लिहिलंय. तुम्ही दोघंच आलात. समस्तांना आणा, लगेच मोडतो."

हट्टाला पेटलेली माणसं ती! बाजारच्या दिवशी दोन्ही पॅनेलचे टेम्पो भरून आले. तानूबाईही आली. निवडणुकीपासून ती गप्पच होती. तिनं माझ्यावर हात ठेवला.

"मोडा बाबांनो. पर येवढं सांगा, म्या मेल्यावर माझ्या दहाव्याला निम्मंच गाव जेवायचं का?"

राघूची मान खाली गेली. गोरक्ष पुढं झाला.

"दादा, तिकडची कडी धर."

दोघांनी मला उचललं, परत गावाकडं न्यायला. हुश्श! असं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

त्या जत्रेत सगळे इतके गप्पांत रंगले, की भात बुडाला लागला. मला मुळीच राग आला नाही. गोरक्ष आजही राघूच्या विरोधातच आहे, ग्रामसभेत कडाकडा भांडतो. भांडू दे की!

मित्रांनो, देश चालवणं मला काय कळणार? तुम्ही मोठे झालात की मत हवं त्याला द्या, बिनधास्त भांडा. फक्त जे सगळ्यांचं आहे, ते दोघांच्या रागापायी मोडीत घालू नका. प्रत्येक वेळी लालचंदशेठ भेटतीलच असं नाही.