शेंदराखालची अक्षरं

वाघोबाचा दगड खरवडायला हो म्हणाली ती आवडीच. ठाकरवाडीत दुसऱ्या कुणाची छाती झाली नसती.

भिसेगावचे योगेंद्र मास्तर जुनी मराठी आपली आपण शिकलेले. म्हणाले, "आवडीबाई, दगडावर कोरलेल्या वाघाच्या पोटाखाली लेख दिसतोय. सातशे वर्षांमागची मराठी."

आवडीला त्या मराठीचं काय लोणचं घालायचं होतं? पण वाडीचा वनहक्काचा दावा अडला होता. या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहतो, याला पुरावा मागत होते. कचेरी माणसाचं ऐकत नाही, अक्षराचं ऐकते, एवढं तिला कळलं होतं.

तिचा नवरा पोशा तोंड फिरवून बसला. "बिबट्या आला तं तुजं नाव सांगंन."

"सांग की. वळाकतो त्यो मला. दर वाघबारशीला शेंदूर मीच लावते."

शेंदराचे बोट बोट जाड पापुद्रे निघाले. मास्तरांनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं: कुणीतरी तळं खोदून गावाला दिलं होतं, मोडेल त्याला वाघ खाईल. मग म्हणाले, "शेंदरामुळं टिकलं हे. तुमच्या वाघानं मराठी राखली, आवडीबाई."

"मंग आता मराठीनं आमाला राखावं."

आठवड्यात पेपरात बातमी आली. पंधरवड्यात शहरातल्या संग्रहालयाचा टेंपो आला. दगड उघड्यावर खराब होईल, म्हणाले. मास्तर आधी अडखळत नको नको म्हणाले. मग दगडाला ओरखडा नको म्हणून टेंपोत त्याच्याखाली आपलाच टॉवेल घातला.

महिन्याभरानं दाव्याची पाहणी करायला साहेब आले. "पूजेचं स्थान कुठंय?"

आवडीनं खड्डा दाखवला. काठाच्या चिखलात बिबट्याचे ताजे ठसे होते. तो आपला येऊन बघून गेला होता.

मास्तरांनी कात्रण पुढं केलं. साहेबांनी वाचलं, "'कर्जत तालुक्यात सापडलेला शिलालेख.' यात वाडीचं नाव कुठंय?"

"सापडलेला?" आवडी म्हणाली. "हरवला कवा व्हता?"

ती ओढ्यात उतरली, पोटाशी धरून एक धोंडा आणला, खड्ड्यात बसवला आणि डबीतला उरलासुरला शेंदूर त्याला फासला.

"हा तर नवा दगड," साहेब म्हणाले.

"त्यो बी नवाच व्हता कवातरी. तवा तुमी नवता, आमी व्हतो."

साहेबांनी मान हलवली आणि लिहिलं: 'नुकताच बसवलेला एक दगड आढळला.'