उसनी वाट

मनुबाईने गावच्या जमीनदाराने, लालासाहेबांनी, धाडलेल्या दोन्ही बैलांपुढे वैरण टाकली, पण त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावले नाही. फौजेतून रजेवर आलेला तिचा दीर कृष्णात उंबऱ्यावरून ते बघत होता.

बैल फुकट आले नव्हते. मनुबाईच्या रानापलीकडची धनपालची विहीर आणि जमीन लालासाहेबांना हवी होती. माणसे आणि गाड्या तिथवर न्यायला तिने आपल्या शेतातून वाट द्यायची, एवढेच मागणे. नवरा लढाईवर गेल्यापासून मनुबाई आणि धनपाल वारंगुळ्याने पेरत आले होते. तिचा एक बैल, त्याचा एक, अशी जोडी जुंपून. आता तिला धनपालची गरज उरणार नव्हती.

बैल ठेवून घ्यावेत, असे कृष्णातचे म्हणणे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर एका चिनी ड्रायव्हरने सांगितलेली, त्यांच्याकडची फार जुनी गोष्ट त्याने कौतुकाने सांगितली. एका बलाढ्य राजाला पलीकडचे राज्य जिंकायचे होते. मधे एक लहान राज्य होते. प्रधान म्हणाला, मधल्याला उमदे घोडे भेट द्या आणि नुसती वाट मागा. मधल्याने घोडे घेतले, वाट दिली. पलीकडचे राज्य पडले.

"डोकं लय चाललं परधानाचं, वैनी. मान्सानं थोराच्या बाजूला ऱ्हावं."

"आन मधल्याचं काय झालं?"



"परतताना त्येलाबी घेतलं."

"आन घोडी?"

"ती थोरल्या राजाचीच व्हती की. नेली माघारी."

मनुबाईने बैलांचे कासरे सोडून त्याच्या हातात दिले.

"लालासाबाच्या गोठ्यात बांधून या ही."

"लालासाब खवळंल."

"खवळू दे. वाट मागून मिळायची न्हाई म्हनावं. हिसकून घ्या. गावाला तरी दिसंल."

कृष्णात बैल पोचवून शेतात आला, तेव्हा मनुबाई आपला एकटा बैल घेऊन बांधावर उभी होती. नव्या जोडीची बातमी धनपालच्याही कानावर गेली होती. तो रिकाम्या हातांनी पलीकडे थांबला होता.

"शाळू पेरायचा हाय, धनपालदादा. बैल आना."

धनपाल बैल घेऊन आला, पेरणीची पाभर जुंपली आणि मग अडखळला. वाटेसाठी लालासाहेबांच्या मुकादमाने शेतातून आधीच चुन्याची रेघ ओढून ठेवली होती.

"कुठनं धरायची, आक्का?"

"रेघंवरनं."

शेताच्या कोपऱ्यावर तो मुकादम आणि फावडी घेतलेले दोन गडी येऊन उभे राहिले. कृष्णातने त्यांच्याकडे बघत फौजेतले बूट काढले, बियाणे ओटीत घेतले आणि पाभरीच्या चाड्यावर मूठ धरली.

"हाना बैल," तो धनपालला म्हणाला.