माझ्या अंगावरचं लेबल

मी पोटॅशियम डायक्रोमेट बोलतोय. नाव ऐकून दचकलात? बरं झालं, थोडं दचकलेलंच चांगलं. मी एक क्षार आहे. क्षार म्हटलं की तुम्हाला स्वयंपाकघरातलं मीठ आठवतं, पण मी ते नव्हे. माझा रंग पिकल्या संत्र्याचा, खडे चकचकीत, वास अजिबात नाही. मी देखणा आहे हे मला ठाऊक आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

खाणीतल्या काळ्या दगडापासून माझा जन्म झाला. भाजलं, विरघळवलं, गाळलं, निववलं, तेव्हा कुठे हे रूप आलं. कारखान्यात मला तपकिरी बाटलीत भरलं आणि माझ्या अंगावर लेबल लावलं. त्यावर लाल चौकटीत पाच चित्रं होती. कवटी, वर्तुळावरची ज्वाळा, द्रवाने खाल्लेला हात, छातीवर तारा फुटलेला माणूस आणि उताणा पडलेला मासा. खाली बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं: गिळल्यास प्राणघातक, धूळ श्वासात गेल्यास धोका, कातडीला जखमा, पाण्यातल्या जिवांना घात, कर्करोगाची भीती, पोटातल्या बाळाला अपाय.

त्या लेबलाची मला कधीच लाज वाटली नाही. स्वतःचे दोष असे अंगावर मिरवत कोण हिंडतं सांगा. मी हिंडत होतो.

तिथून मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. तिथला सहायक हातमोज्यांशिवाय कधी दिसायचा नाही, म्हणून मुलांनी त्याचं नाव मोजेकाका ठेवलं होतं. नव्या वर्गापुढे काका मला उचलून धरायचे आणि लेबल मोठ्याने वाचून दाखवायचे. मग म्हणायचे, "चिमूटभर असो की चमचाभर, मोजे आधी. खलायचं तर काचेच्या कपाटात, हवा बाहेर ओढणारा पंखा लावून. सांडलं तर झाडायचं नाही, ओल्या फडक्याने टिपायचं आणि ते फडकं वेगळ्या पिशवीत. आणि याला स्पिरिटच्या जवळ ठेवायचं नाही. हा आगीला खतपाणी घालतो."

"काका, एवढा भयंकर आहे तर ठेवताच कशाला?" एखादी मुलगी विचारायचीच.

"कारण हा खोटं बोलत नाही," काका सांगायचे. "वर्षभर ठेवा, वजनात फरक नाही. दुसऱ्या द्रावणाची ताकद तपासायची तर आधी याला तोलायचं."

हे ऐकून माझी छाती फुगायची. काकांइतका विश्वास मी कुणावर टाकला नाही.

मग तपासणी समिती येणार असं ठरलं. विभागप्रमुख सर फडताळासमोर उभे राहिले आणि त्यांनी नाक मुरडलं. "काका, या बाटल्या बघा. एक उंच, एक बुटकी, एक काळी. आणि ही कवट्यांची चित्रं! प्रयोगशाळा आहे की स्मशान? सगळं एकसारख्या बरण्यांत भरा. लेबलं नवी, सुबक, फक्त नावं. आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावा."

"सर, अक्षरांच्या क्रमाने लावलं तर नको ते शेजारी येतील," काका म्हणाले. "आणि ती चित्रं नियमानेच..."

"निवृत्तीला महिना राहिलाय तुमच्या. आता कशाला फाटे फोडता?"

काका मला घेऊन बेसिनकडे वळले. मला वाटलं, आता बोलतील, मग बोलतील. त्यांनी कोमट पाण्याने बाटली भिजवली आणि नखाने हलकेच कोपरा सोडवून माझं लेबल अख्खं सोललं. फाडलं नाही, फेकलंही नाही. वाळवून खिशातल्या छोट्या वहीत ठेवलं. ते पाहून मी भाबडा खूश झालो. म्हटलं, समिती गेली की परत लावतील.

मी पारदर्शक बरणीत गेलो. अंगावर प्रयोगशाळेच्या पडद्यांना शोभेलसा पिवळा कागद आला, त्यावर नुसतं नाव. शेजारी कोण, तर स्पिरिटचा भाऊबंद प्रोपेनॉल! हे साहेब ठिणगी पडायची वाट बघणारे आणि मी आगीला हात देणारा. आम्हा दोघांना एका पंगतीला बसवणाऱ्याला मी मनोमन कोपरापासून नमस्कार केला. हातमोज्यांचा खोका कुलपात गेला आणि काचेच्या कपाटात समितीच्या फायली शिरल्या. समितीचे लोक आले, फडताळाचा फोटो काढला, चहा घेतला आणि शाबासकी देऊन गेले. माझं लेबल वहीतच राहिलं.

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवी सहायक म्हणून रसायनशास्त्र शिकलेली त्यांचीच सून आली. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला वेगळे राहत. पहिल्या दिवशी काका तिला फडताळ दाखवायला आले. सर सोबत होतेच, शाबासकीचं पुन्हा पुन्हा सांगत. माझ्यापुढे काका थांबले. त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी सरांकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा जरा जपून हाताळ हं."

जपून तर काचेचा पेलाही हाताळतात. पुढच्या बरणीकडे वळताना काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पोरगी कामाला वाघ. परीक्षा तोंडावर, रोज द्रावणं करायची. शिकताना तिला मी तयार द्रावणातच भेटलो असणार, कोरडा कधी नाही. मोज्यांच्या खोक्याची किल्ली सरांकडे दोनदा मागितली, दोनदा "उद्या देतो" ऐकलं, मग नाद सोडला. माझे खडे टेबलावरच खलायची. तराजूच्या पारड्यावर कण राहिला की फुंकर मारायची. तुम्हा माणसांची ही फुंकर मारायची सवय! डोळ्यात कचरा गेला फुंकर, चहा गरम फुंकर, विषावरही फुंकर. मी तिच्या नाकातोंडात जात होतो आणि मला ओरडता येत नव्हतं. माझा आवाज म्हणजे ते लेबल, आणि ते तिच्या सासऱ्याच्या खिशात होतं.

आधी बोटांच्या बेचक्यांत खाज आली. मग लहान, गोल, खोल जखमा. दुखत नव्हत्या, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. एकदा नाकातून रक्त आलं, तेव्हा उन्हावर खापर फोडलं.

दीड महिन्याने एका दुपारी काका आले. "तुझ्या सासूने डबा दिलाय," म्हणत त्यांनी तो पुढे केला. तिने हात पुढे केला आणि डबा काकांच्या हातातच राहिला.

"हे कधीपासून?"

"होईल महिना. भांड्यांचा साबण बदललाय ना, बाबा."

"साबण नाही गं. नाकातून रक्त येतं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका स्टुलावर बसले. वहीतून त्यांनी माझं लेबल काढलं. घडीसुद्धा पडली नव्हती. "हे त्या नारिंगी बरणीचं. मीच काढलं होतं."

ती वाचू लागली. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत शेवटच्या ओळीपाशी आली आणि तिचा दुसरा हात पोटावर गेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "अजून घरात कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं रविवारी येऊन सांगणार होतो."

काका स्टुलावरून उठले आणि त्यांनी तिची पर्स उचलली.

ते तिला दवाखान्यात घेऊन निघणार, तेवढ्यात बोलणं कानावर पडून सर धावत आले. "असलं जहर इथे ठेवलंच कुणी? आत्ताच्या आत्ता बेसिनमध्ये ओता!"

एका दिवसात मी जहर झालो. माझ्या अंगावरची कवटी ज्याने काढायला लावली, तोच मला जहर म्हणत होता.

"सर, त्या लेबलावर मासा आहे," काका ओरडले. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "बेसिनमध्ये नाही ओतायचं!" त्यांनी मोज्यांच्या खोक्याचं कुलूप उघडायला लावलं, मोजे चढवले, मला झाकण घट्ट लावलं आणि पिवळ्या कागदावर माझं जुनं लेबल डिंकाने चिकटवलं. मग सुनेचा हात धरून गेले.

आता मी तळमजल्यावर कुलूपबंद कपाटात आहे. घातक कचरा नेणाऱ्या गाडीची वाट बघतोय. ती पोरगी पुन्हा आली नाही. हाताच्या जखमा भरतील, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. बाळाचं विचारलं, तर म्हणाले, थांबून बघू. यापुढचं मला कुणी सांगितलेलं नाही.

मी काही मागत नाही. मला बाटलीत ठेवा, अंधारात ठेवा, नको असेन तर आणूच नका. पण माझ्यावर जे लिहिलंय ते काढू नका. मी तुम्हाला फसवलं नव्हतं.

काका दर आठवड्याला येतात. गाडी कधी येणार विचारतात आणि माझ्यासमोर उभे राहतात. लेबलाचा एक कोपरा सारखा उचलला जातो. मोजा घातलेल्या अंगठ्याने ते तो दाबतात, बराच वेळ दाबून धरतात. ते पायऱ्या चढून जातात न जातात, तोच कोपरा पुन्हा सुटतो. काका, एकदा सोललेलं पहिल्यासारखं चिकटत नाही हो.