हार घालायचा फोटो

"आई, हाझुकाशीइ! लोक बघतायत," म्हणत तन्वीनं लाजून तोंड फिरवलं. तिची आई, विभा, जपानमधल्या सेंदाई शहरात त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर भर सकाळी कचऱ्याच्या पिशव्यांवर कावळ्यांसाठी टाकलेल्या निळ्या जाळीपुढे गुडघे टेकून बसली होती. डोळ्याला कॅमेरा.

"बघू देत. उजेड काय सुरेख पडलाय बघ! सरक जरा, तुझी सावली येतेय."

सेहेचाळिसाव्या वर्षी विभाला हे खूळ लागलं होतं. जयेशच्या, म्हणजे नवऱ्याच्या, विद्यापीठातल्या संशोधनापायी पुण्यातली बँकेची नोकरी सोडून ती इथे आली. सुनामीचा तो मोठा भूकंपही इथेच काढला, त्यालाही चार वर्षं होऊन गेली. भाषा अर्धीमुर्धी, काम म्हणाल तर डबे आणि धुणी. मग नागरी केंद्रात फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि बाई जी सुटली ती सुटलीच. पालकाची जुडी, दोरीवरचे मोजे, जयेशचं टक्कल, काही म्हणून सोडलं नाही.

वर्ग घेणारे ओनो-सेन्से खट दिसायचे, होतेही. डिजिटल कॅमेऱ्यांच्या पाठीवरच्या पडद्यांना त्यांनी पहिल्याच दिवशी चिकटपट्ट्या लावल्या होत्या. फोटो कसा आला ते घरी गेल्यावर बघायचं! दोन महिन्यांनी त्यांनी हातात फिल्मचे जुने कॅमेरे दिले, आणि आता पोर्ट्रेट शिकायचं म्हणून जोड्या लावल्या. विभाच्या वाट्याला आल्या मात्सुदा-सान. वय एकोणऐंशी, जीभ मात्र विशीतली. विभाला कळावं म्हणून त्या सावकाश, सोपं जपानी बोलायच्या.

"विभा-सान, माझाच फोटो काढायचाय ना? मग नीट काढा. मी गेल्यावर लावायला तोच होईल."

विभानं पुन्हा विचारलं. मात्सुदा-साननी हवेत बोटांनी चौकट काढली आणि त्या चौकटीपुढे डोळे मिटून हात जोडले.

अगं बाई! हार घालायचा फोटो! विभाच्या अंगावर काटाच आला.

"शी! धडधाकट माणसाला समोर बसवून असला फोटो काढायचा? मी नाही बाई. उद्या काही झालं तर माझ्या नावानं खडे फोडतील," ती घरी येऊन कुरकुरली.

"आई, इथे सगळे काढून ठेवतात. नॉर्मल आहे," तन्वी फोनमधून मानही वर न काढता म्हणाली.

पुढच्या वर्गाला विभा नकार घोकूनच गेली. मात्सुदा-साननी तिला खिडकीजवळ बसवलं, थर्मासमधला चहा ओतला.

"माझी धाकटी बहीण किनाऱ्यावर राहायची. सुनामीत ती गेली, घर गेलं, घरातले सगळे अल्बम गेले. अंत्यविधीला लावायला फोटो मिळेना. शेवटी कुणाच्या तरी सहलीच्या फोटोतून एवढासा चेहरा कापून मोठा केला. नाक कुठे, डोळे कुठे, काही कळत नव्हतं. लोक धुक्यापुढे हात जोडून गेले." त्यांनी कप खाली ठेवला. "पुढच्या महिन्यात मी मुलाकडे सापोरोला जाते, कायमची. त्याच्याकडेही माझा एक धड फोटो नाही. मला धुकं व्हायचं नाही, विभा-सान."

आता यावर कुणाच्या तोंडून 'नाही' निघणार?

मात्सुदा-सान ताठ बसल्या आणि विभाच्या अंगात वारं शिरलं. खिडकीचा पडदा अर्धा ओढ, खुर्ची तिरकी कर, उजेड मोज, फिल्म सरकवायचा खटका ओढ, बटण दाब. आणखी एक. हनुवटी जरा वर. वा! क्या बात है! बँकेत अठरा वर्षं काढली, पण घड्याळ विसरायला होईल असं कधी झालं नव्हतं. घरी जाताना सायकल चालवत होती की उडत होती, तिचं तिलाच ठाऊक.

पुढच्या आठवड्यात सेन्सेंनी तिच्याकडून फिल्म धुऊन घेतली आणि वर टांगली. टोकाला काळा पट्टा, पुढे सगळी कोरी. आरपार दिसत होतं.

"फिल्म आतल्या चक्रीला लागलीच नव्हती, पुढे सरकलीच नाही," सेन्से म्हणाले. "खटका ओढल्यावर डावीकडची चावी फिरतेय का, पाहिलंत?"

कुठलं पाहतेय! आनंदात होती ना. विभाला ढसाढसा रडावंसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी हायसंही वाटलं, की बरं झालं, देवाच्याच मनात नव्हतं. त्या हायसं वाटण्याची मग तिला फार लाज वाटली.

तिनं मात्सुदा-सानपुढे मान खाली घातली. "चुकलं माझं. तुम्ही कुठेच नाही."

मात्सुदा-साननी ती कोरी पट्टी खिडकीशी धरली, निरखून पाहिली. "खरंच नाही की! अहो, म्हणजे मी गेले आणि मलाच कुणी कळवलं नाही?"

आणि त्या हसल्या. काय हसल्या! डोळे मिटले, खांदे हलायला लागले, पुढचा सोन्याचा दात चमकला. विभाच्या गळ्यात नवी फिल्म भरलेला कॅमेरा होता आणि यावेळी चावी फिरताना तिनं दोनदा पाहिली होती. उजेड मोजायला वेळ नव्हता. तो तिनं डोळ्यांनीच जोखला. खट्.

आठ दिवसांनी लाल दिव्याखाली कोरा कागद औषधात बुडवून ती श्वास रोखून उभी होती. आधी केस उमटले, मग खांदे, मग ते अख्खं हसू. "आलं! आलं!" ती मराठीतच किंचाळली. सेन्सेंना काही कळायची गरजच पडली नाही, तेही टाळ्या वाजवायला लागले.

मात्सुदा-सान ओल्या फोटोवर वाकल्या.

"मुलगा रडेल," त्या म्हणाल्या. "मग दात बघून हसेल. चालेल."

विभा पटकन पुढे झाली. ती वाकली आणि तिनं त्यांच्या पायांना हात लावला. त्या गडबडून तिच्याहून खाली वाकल्या, आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली.

"आता तुमची पाळी," कपाळ चोळत मात्सुदा-सान म्हणाल्या. "जोडी आहे आपली. कसला काढू?"

साधाच, असं विभा म्हणणार होती. ती खुर्चीत जाऊन बसली, केस मागे सारले, ओढणी सारखी केली.

"तसलाच," ती म्हणाली. "काढून ठेवा. लावायची घाई नाही हं!"

मात्सुदा-साननी कॅमेरा डोळ्याला लावला. विभानं हसून पाहिलं, ते खोटं वाटलं. गंभीर झाली तर बँकेच्या ओळखपत्रावरची बाई झाली. तन्वीपुढे कोणता चेहरा ठेवून जावं, ते तिला काही केल्या ठरवता येईना.

"हसू का?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत ती तशीच बसून राहिली.